आडवी गाठ, उभी गाठ

जरा वाकून आपल्या बुटांकडे बघा. लेसचे दोन कान बुटावर आडवे पसरलेत, की एक अंगठ्याकडे आणि दुसरा घोट्याकडे तोंड करून उभे झालेत? उभे असतील तर तुमची लेस दिवसातून एकदा तरी सुटत असणार, पैज लावायला तयार आहे.

लेस बांधताना आपण एकावर एक दोन अर्ध्या गाठी मारतो. पहिली साधी फुली, दुसरी कान काढून. दोन्हींचा पीळ एकाच दिशेचा असला की गाठ तिरकी होते, कान उभे राहतात आणि चालताना ती सैल पडत जाते. दोन पीळ एकमेकांच्या उलट असले की गाठ सपाट, आडवी बसते. खलाशांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उपाय इतका क्षुल्लक आहे की लोकांना खरा वाटत नाही: कान काढायची आपली सवय तशीच ठेवा, फक्त पहिली फुली उलटी घाला. उजवी लेस डावीवरून नेत असाल तर डावी उजवीवरून न्या. दोन्ही मात्र बदलू नका, पुन्हा मूळ पदावर याल.

आमच्या बाबांनी यावर स्वतःचा तोडगा काढला होता. दोन्ही कानांची वरून आणखी एक गाठ. सुटायची नाही हे खरं, पण संधिवाताने आखडलेल्या बोटांनी ती सोडवायची कोणी? "अगं, जरा बघ गं ही," अशी हाक आली की मी समजायचे. "बाबा, ही लेस आहे, पोत्याचं तोंड नाही," असं म्हणून झालं, उपयोग शून्य. शेवटी त्यांना दुसरी गाठ शिकवली. एक कान धरायचा, दुसरी लेस त्याच्याभोवती एकदा गुंडाळतो तिथे दोनदा गुंडाळायची, मग नेहमीसारखं खालच्या फटीतून ओढून घ्यायचं. जास्तीच्या वेढ्यामुळे घर्षण वाढतं, गाठ तग धरते, पण आहे सुरगाठच. टोक ओढलं की सुटली. पहिली फुली इथेही उलटीच हवी हं.

लेस आपोआप सुटते कशी, यावर बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांचा 2017 मध्ये चक्क शोधनिबंध आला. ट्रेडमिलवर पळणाऱ्या बुटाचं त्यांनी संथगती चित्रण केलं. पाय जमिनीवर आपटतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 7 पट धक्का बसतो, गाठ ताणते आणि ढिली पडते. त्याच वेळी पुढे-मागे हलणारा पाय लेसच्या मोकळ्या टोकांना झटके देतो, जणू कोणी ती हळूच ओढतंय. नुसतं खुर्चीत बसून पाय हलवले तर गाठ सुटत नाही, नुसते आपटले तरी नाही. दोन्ही एकत्र लागतं. एकदा सरकू लागली की मग दोन-चार पावलांत खेळ खलास. आडवी गाठसुद्धा कायमची अमर नसते, पण उभीपेक्षा कितीतरी चिवट.

गुळगुळीत, गोल नायलॉनच्या लेस मला मनापासून आवडत नाहीत. दिसायला झकास, धरायला बेभरवशाच्या. चपटी सुती लेस बरी. टोकं जमिनीला लागण्याइतकी लांब असतील तर एक जोडी आखूड आणा, कारण लांब टोक जास्त झोका घेतं.

आणि बूट काढताना घाईत टोक ओढण्याआधी ते चुकून कानातून आरपार गेलेलं नाही ना, एवढं बघा. गेलं असेल तर ओढताच निरगाठ बसते, मग सेफ्टी पिन शोधत बसा.