तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या लहान मुलांना सेझान कशाला?

मी चित्रकलेचा क्लास घेते, सहा ते नऊ वयाची मुलं असतात, आणि नवीन पालक आले की हा प्रश्न हमखास येतो, की ताई एवढ्याशा पोरांना सेझान कशाला, आधी डोंगर-सूर्य-नदी-झोपडी तरी नीट येऊ दे ना. कोणी मुलाचं चित्र हातात धरूनच विचारतं, "हे सफरचंद निळं का?" तर आता सविस्तरच लिहिते.

पॉल सेझान हा फ्रेंच चित्रकार, दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्स गावात १८३९ साली जन्मला आणि १९०६ साली तिथेच गेला. त्याने निसर्ग काढला, माणसं काढली, पण मुलांच्या कामाची आहेत ती त्याची टेबलावरची फळं. सफरचंदं, संत्री, कांदे, एखादी बरणी, चुरगळलेलं पांढरं कापड, हेच तो वर्षानुवर्षं परत परत काढत राहिला. इतका सावकाश काढायचा की फळं सडून जायची. व्होलार नावाच्या आर्ट डीलरचं पोर्ट्रेट त्याने १८९९ साली केलं, त्यासाठी आपण एकशे पंधरा वेळा बसलो असं व्होलारने लिहून ठेवलंय, आणि एकदा बसल्या बसल्या डोळा लागून तो खाली पडला तर सेझान चिडला, सफरचंदासारखं बस म्हणाला, सफरचंद कधी हलतं का! ही गोष्ट सांगितली की वर्ग पाच मिनिटं सफरचंदासारखा बसतो, आणि मला तेवढाच वेळ फळं मांडायला मिळतो.

मांडणी मी मुलांसमोरच करते. जुनी पांढरी चादर टेबलावर टाकायची, इस्त्री केलेली अजिबात नको, तिला मुद्दाम चुण्या पाडायच्या. फळ घरंगळायला लागलं की खाली नाणं सरकवायचं. सेझानही फळांखाली नाणी लावून ती हवी तशी कलती करायचा, त्याला मांडताना पाहिलेल्या एका तरुण चित्रकाराने हे सांगितलंय. सफरचंदच पाहिजे असं काही नाही, पेरू, मोसंबी, डाळिंब सगळं चालतं. उजेड मात्र एकाच बाजूने, खिडकीतून, आणि वरची ट्यूब बंद. ट्यूब चालू असली की सगळं सपाट दिसतं आणि मग मुलांना बघायला काही उरत नाही.

मग रंग. पोस्टर कलर, चपटा ब्रश, आणि डब्यातला काळा मी आधीच काढून घेते. पेन्सिल नाही, खोडरबर नाही, पातळ निळ्या रंगाने थेट ब्रशनेच आकार काढायचा, चुकला वाटला तर शेजारी दुसरी रेघ मारायची, पहिली तशीच राहू द्यायची. सेझानच्या फळांभोवती अशा निळ्या तुटक रेघा दिसतात, एकाच कडेला दोन-दोन तीन-तीन. मग पट्टे. एक पिवळा पट्टा, त्याला लागून नारिंगी, मग लाल, मग जिथे फळ उजेडापासून वळतं तिथे किरमिजी नाहीतर निळसर, आणि घासून एकत्र करायचं नाही. फळ गोल दिसतं ते असे रंग बदलत गेल्यामुळे. सावली म्हणजे काळा ही समजूत इतक्या लवकर पक्की होते ना, की सहा वर्षांचं मूलसुद्धा आल्या आल्या काळा मागतं.

एका मुलीने गेल्या वर्षी बराच वेळ ब्रशच उचलला नाही, नुसती सफरचंदाकडे बघत होती, आणि मग म्हणाली, ताई, याच्या पोटावर चादर दिसतेय. खरंच दिसत होती! लाल फळाच्या खालच्या बाजूला चादरीचा फिकट निळसर उजेड पडला होता. तिने तो लावला. तेच ते निळं सफरचंद, आणि तिच्या आईला मी हेच सांगितलं की तिने मनाने काही घातलेलं नाही, समोर होतं ते पाहिलंय.

झोपडी आणि दोन डोंगरांना माझा विरोध आहे तो यासाठीच. ते चित्र मूल कुठेही न बघता काढतं, दुसऱ्या कुणाच्या वहीत बघून पाठ केलेलं असतं.

अजून एक गंमत मी करून घेते. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये सेझानचं साधारण १८९३ चं 'सफरचंदांची टोपली' हे चित्र आहे, त्याची मोठी प्रिंट भिंतीवर लावते आणि मुलांच्या हातात पट्टी देते, टेबलाची पुढची कड मोजा म्हणते. पट्टी लावली की कळतं, कापडाच्या डावीकडची कड आणि उजवीकडची कड एका रेषेत येतच नाही. बाटली कललेली, टोपली आता घसरेल की काय अशी. सेझानचं टेबल वाकडं! अशी बोंब होते, पण त्यानंतर स्वतःचं टेबल वाकडं आलं म्हणून कागद फाडणारी मुलं कमी होतात, हे मी दरवेळी बघते. या वयात मुलं बशी वरून काढतात आणि बाटली समोरून, एकाच कागदावर, आणि मोठी माणसं लगेच हात धरून सुधारायला जातात. नका सुधारू एवढ्यात.

परीक्षेचंही विचारतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला वस्तुचित्र असतं, तिथे बादलीच्या तोंडाची लंबवर्तुळं बरोबर लागतात, शेडिंग लागतं, मान्य आहे, आणि ते जरा मोठं झाल्यावर नीट शिकता येतं, मी शिकवतेही. पण समोर बादली ठेवलेली असताना पाठ केलेली बादली काढायची सवय एकदा लागली की ती मोडताना माझा आणि मुलाचा, दोघांचाही जीव जातो.

घरी करून बघणार असाल तर सुरुवातीला दोनच फळं ठेवा, एकमेकांना टेकून, म्हणजे एकाचा रंग दुसऱ्यावर कुठे येतो ते शोधायला मिळतं. पाच-सहा ठेवलीत तर मुलं मोजत बसतात.