बर्फाखालची क्रॉपी: तिसऱ्या हिवाळ्याची नोंद

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात गोठलेल्या तलावावर मासे धरण्याचा हा माझा तिसरा हिवाळा. पहिल्या दोन हिवाळ्यांत मी मिनियापोलिसच्या पश्चिमेकडील मिनेटोंका तलावावर क्रॉपी या माशासाठी कितीतरी संध्याकाळी घालवल्या आणि बहुतेक वेळा तळाशी चरणारे लहान पर्च घेऊन परतलो. या वर्षी डिसेंबरअखेरपासून आतापर्यंत अकरा फेऱ्या झाल्या आणि त्यांपैकी सातांत क्रॉपी गळाला लागली. रॉड तोच होता, जिगही (वजनदार डोक्याचा छोटा गळ) तीच होती. बदलली ती आमिष धरण्याची खोली, म्हणून ही नोंद मुख्यतः खोलीविषयी आहे.

दक्षिणेकडील राज्यांत ज्याला क्रॅपी म्हणतात तोच मासा इथे क्रॉपी होतो. त्याच्या दोन जाती आहेत आणि रंगावरून त्या ओळखताना फसगत होऊ शकते. पाठीवरच्या पराचे टणक काटे मोजणे अधिक भरवशाचे, कारण काळ्या क्रॉपीला ते सात किंवा आठ असतात आणि पांढरीला पाच किंवा सहा. मला मिळालेल्या सर्व काळ्या होत्या.

माझी मूळ चूक अर्धवट माहितीतून झाली होती. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, त्यामुळे हिवाळ्यात तलावाचा तळ बर्फालगतच्या पाण्यापेक्षा उबदार राहतो, हे मला ठाऊक होते, आणि त्यावरून मासा उबेसाठी तळाशीच बसणार असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात क्रॉपी खोलगट भागात पाण्याच्या मधल्या थरात तरंगत राहते, कारण तिचे हिवाळी खाद्य म्हणजे प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, आणि एका माशीच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्या, ज्या दिवसा तळाच्या गाळात किंवा त्याच्या आसपास दडतात आणि अंधारू लागताच वर चढतात. शिवाय हिवाळा सरत जातो तसा तळाशी कुजणाऱ्या वनस्पतींमुळे तिथला प्राणवायू कमी होत जातो, आणि वरचे बर्फाचे झाकण बाहेरची हवा पाण्यात मिसळू देत नाही.

हे डोळ्यांनी पाहिले ते जानेवारीच्या मध्यात. २४ फूट पाण्यावर छिद्र पाडून फ्लॅशरचा सोनार सोडला होता; हे यंत्र ध्वनिलहरींनी पाण्यातले मासे आणि जिग रंगीत रेषांच्या रूपात दाखवते. चारच्या सुमारास तळापासून चार-पाच फुटांवर हिरव्या रेषा दिसू लागल्या आणि पाचच्या सुमारास, सूर्य मावळत असताना, त्या बर्फापासून १५ फूट खोलीवर आल्या होत्या. मी नेहमीच्या सवयीने जिग त्यांच्यामधून खाली सोडली आणि सगळ्या रेषा विझल्या. दहा मिनिटांनी त्या परत आल्या, तेव्हा जिग त्यांच्या वर, १३ फूट खोलीवरच थांबवून केवळ मनगट थरथरेल इतकी हलवत राहिलो. एक रेषा सुटी होऊन सावकाश वर आली आणि जिगच्या रेषेत मिसळून लाल झाली. क्रॉपीचे डोळे डोक्यावर उंच बसवलेले असतात आणि ती आपल्या वरचे खाद्य टिपते, हे मी अनेकांकडून ऐकले होते, पण त्या संध्याकाळी सहा मासे मिळाले तेव्हा ते खऱ्या अर्थाने कळले. तेव्हापासून जिग माशांच्या वर दीड-दोन फूट ठेवायची आणि त्यांच्या खाली कधीही जाऊ द्यायची नाही, हा नियम मी मोडलेला नाही.

याच कारणाने चावाही उलटा कळतो. मासा खालून येऊन जिग तोंडात घेतो आणि आणखी वर उचलतो, तेव्हा रॉडच्या टोकाची नाजूक पट्टी वाकण्याऐवजी सरळ होते आणि तंगूस सैल पडतो. मी टोक बुडण्याची वाट पाहत किती चावे गमावले असतील, याचा विचार करवत नाही. साहित्य साधे आहे: २ पौंडी तंगूस, ४ मिलिमीटरची टंगस्टन जिग, त्यावर एक मेणअळी. क्रॉपीचे तोंड कागदासारखे पातळ असल्याने हिसका देऊ नये, ताण कायम ठेवून संथपणे ओढावे. बहुतेक मासे छिद्राच्या कडेशी, डोके आत वळवताना सुटतात.

ब्लूगिल मासेही याच छिद्रांतून मिळाले, पण ते जिगसमोर बराच वेळ नुसते घिरट्या घालतात. पाईक या शिकारी माशाने दोनदा तंगूस कापून नेला.

खोलीचा आणखी एक हिशोब मला फार महत्त्वाचा वाटतो. ३० फुटांच्या आसपास किंवा त्याहून खोलातून वर काढलेल्या माशाच्या पोटातील हवेची पिशवी दाब कमी झाल्याने फुगते, आणि असा मासा सोडला तरी बहुधा जगत नाही. गेल्या हिवाळ्यात मी ३४ फुटांवरून काढलेल्या तीन लहान क्रॉपी सोडल्या आणि त्या छिद्रातच आडव्या तरंगत राहिल्या. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही. आता मी २५ फुटांपलीकडे छिद्रच पाडत नाही. राज्याची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला १० क्रॉपींची आहे, परंतु आमच्या घराला सहा पुरतात आणि सहा झाल्यावर मी रॉड गुंडाळतो. त्यांचे तुकडे आगळ, हळद आणि तिखट लावून रव्यात तळले, तर आईच्या हातच्या मुडदुशांची आठवण होते.

बर्फाबाबत एवढेच, की स्वच्छ, काळसर बर्फ किमान ४ इंच जाड असल्याखेरीज त्यावर चालू नये, पांढऱ्या बर्फाला त्याच्या दुप्पट जाडी लागते, आणि प्रत्येक नव्या जागी पाऊल टाकण्यापूर्वी पहारीने ठोकून पाहावे.

आतापर्यंतच्या साऱ्या नोंदी संध्याकाळच्या आहेत. येत्या शनिवारी मी त्याच २४ फुटांच्या जागी पहाटे पाचला बसणार आहे आणि उजाडत जाईल तसे हे मासे १५ फुटांवरून पुन्हा खाली उतरतात का, हे दर दहा मिनिटांनी वहीत टिपणार आहे.