पोकळीत आवाज कुठून आला?

रविवार, रात्रीचे पावणेबारा. पाऊस अजून चालूच.

सकाळी खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला आणि आमचा डेक्कनला जायचा बेतही त्याच्याबरोबर गेला. खरं तर भिडे पूल बुडाल्याने कोथरूडकरांचं काहीएक अडत नाही, डेक्कन नदीच्या आमच्याच बाजूला आहे. पण घरी बसायला एवढं कारण पुरतं. 'पूल पाण्याखाली आहे' म्हटलं की समोरचा पुढे काही विचारत नाही.

मग दुपारी चिरंजीवांनी 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' लावला. सिनेमा ऑगस्ट २०१४ चा, म्हणजे पोरगं तेव्हा तीन वर्षांचं होतं आणि मी रात्री सलग चार तास झोप मिळावी एवढ्याच इच्छेवर जगत होते. त्यामुळे तो माझा राहूनच गेला होता. नंतर कधी पाहावासाही वाटला नाही. पोस्टरवर एक बंदूकधारी रॅकून आणि एक झाड उभं आहे. बाई चाळिशीच्या पुढे गेली की असल्या पोस्टरला हात लावत नाही.

आई (म्हणजे सासूबाई) खुर्चीत पेपर वाचत होत्या. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या घरात नुसती मजा चालत नाही, मजेतून काहीतरी निघावं लागतं, ते त्यांच्यामुळे. भेळ खाताना चिंचेत कुठलं आम्ल असतं ते सांगायचं (टार्टारिक), सिंहगड चढताना दगड ओळखायचा (बेसाल्ट, दर वेळी बेसाल्टच). लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला वाटायचं आपली तोंडी परीक्षा चालू आहे. आता मीच मुलाला विचारते.

पहिली दहा मिनिटं त्या पेपराआड होत्या. मग एका यानाने दुसऱ्यावर काहीतरी सोडलं, दणका झाला, आमच्या खिडकीचं तावदान थरथरलं, आणि पेपर खाली आला.

"आवाज कुठून आला?"

"आजी, स्फोट झाला ना."

"तो दिसला मला. आवाज कुठून आला? तिथे हवा आहे का?"

झालं. मला वाटलं आता सिनेमाचा तास होणार. पण त्यांनी खुर्ची ओढून टीव्हीसमोर आणली, चष्मा बदलला आणि पुढचा पाऊण तास फक्त "हं" म्हणत राहिल्या. हिंदीत डब केलेला नको म्हणाल्या. इंग्रजीत, खालची अक्षरं वाचत.

गोष्ट तशी चार ओळींची. १९८८ साली अमेरिकेतल्या एका लहान मुलाची आई वारते. त्याच रात्री त्याला यान उचलून नेतं. तो मोठा होऊन अवकाशात भुरटी चोरी करत फिरतो. त्याला एक हिरवी मारेकरीण, एक सूडाने पेटलेला पहिलवान, तो तोंडाळ रॅकून आणि ते झाड असे चौघे भेटतात, आणि कुणाचंच कुणाशी पटत नसताना सगळे मिळून एक ग्रह वाचवतात. खलनायक अगदीच कंटाळवाणा आहे. चेहऱ्याला काळं फासून भाषण करतो, बस. शेवटची लढाईसुद्धा दहा मिनिटांनी कापायला हवी होती. तिथे मी उठून खिचडीचा कुकर उतरवून आले आणि परत आल्यावर काहीच बुडालं नव्हतं.

पण बाकीचं? बाकीचं मी तोंडावर ओढणी धरून हसत होते.

तो पहिलवान म्हणजे ड्रॅक्स. त्याच्या जमातीत म्हणी-वाक्प्रचार नाहीतच. प्रत्येक शब्दाचा तो सरळ अर्थ घेतो. रॅकून म्हणतो की याला काही सांगितलं तर ते याच्या डोक्यावरून जातं. त्यावर तो गंभीरपणे सांगतो की माझ्या डोक्यावरून काही जाऊ शकत नाही, मी चपळ आहे, मी ते झेलेन. हा विनोद मराठीत जसाच्या तसा बसतो, कारण आपल्याकडेही गोष्टी डोक्यावरूनच जातात. आई इतक्या हसल्या की ठसका लागला. बत्तीस वर्षं 'बाई, डोक्यावरून गेलं' ऐकून घेतलेल्या माणसाला हा विनोद आपल्यापेक्षा जास्त खोल लागत असणार.

आणि ते झाड, ग्रूट. त्याला 'मी ग्रूट आहे' एवढंच म्हणता येतं. राग आला तरी तेच, माया आली तरी तेच. त्याचा आवाज विन डिझेलचा आहे, आणि त्याने ते एक वाक्य इतर भाषांमधल्या आवृत्त्यांसाठीही स्वतःच म्हटलं होतं, हे चिरंजीवांनी पुरवलेलं ज्ञान. एकाच वाक्यावर अख्खं पात्र उभं राहतं याचं पोराला फार नवल. मला नाही. आमच्या घरात 'असो' आहे. भाजी खारट झाली: असो. नणंदेचा फोन आला नाही: असो. मी नोकरी बदलते म्हटलं तेव्हा: (लांबवून) असो. प्रत्येक 'असो'चा अर्थ वेगळा, आणि वीस वर्षांनी मला ते सगळे कळतात. त्या झाडाचं बोलणं एकट्या रॅकूनला कळतं. सिनेमाभर मला तो रॅकून फार जवळचा वाटत राहिला.

मधेच एक प्रसंग आहे, तिथे मात्र हसू थांबलं. ती हिरवी मुलगी उघड्या अवकाशात फेकली जाते. नायक तिच्यामागे जातो, स्वतःचा मुखवटा काढून तिला चढवतो. त्याच्या चेहऱ्यावर बघता बघता बर्फ धरतो. मला गलबलून आलं. आईंनी रिमोट मागितला. सिनेमा थांबवायला.

"बर्फ एवढ्या लवकर धरणार नाही," त्या म्हणाल्या. टेबलावर चहाचा थर्मास होता, तो उचलला. "हा चहा दुपारपासून गरम कसा राहिला? याच्या दोन भिंतींमध्ये काय आहे? पोकळी. उष्णता भराभर जायला हवा लागते, पाणी लागतं, काहीतरी लागतं. तिथे काहीच नाही. म्हणजे तो मुलगा थर्मासमध्येच आहे म्हण ना. थंडीने मरायला त्याला बराच वेळ लागेल. त्याआधी शुद्ध जाईल, दहा-पंधरा सेकंदांत. रक्तातला प्राणवायू संपला की."

मग स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि त्यांना दुसरं उदाहरण आयतंच मिळालं. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढे, एकशेवीसच्या आसपास जाऊन उकळतं, डाळ लवकर शिजते. दाब कमी केला तर उलटं. पार काढूनच घेतला तर अंगाच्या उबेवरही पाणी उकळायला लागेल. मुलाने लगेच फोनवर शोधलं. १९६६ साली ह्यूस्टनला नासाच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली होती. चौदा-एक सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. हवा लगेच परत भरली म्हणून तो वाचला. त्याला शेवटचं आठवत होतं ते जिभेवर थुंकी खदखदत असल्याचं.

"शी!" मी.

"बघ, म्हणजे बर्फ नाही," आई. आणि प्ले दाबलं.

गंमत अशी की या सगळ्याने सिनेमाचं काही बिघडलं नाही. मला वाटलं होतं आई त्याची साल काढतील. पण चुका सापडल्या की त्या जास्तच रंगात येतात. त्या खूप वर्षं शाळेतल्या मुलांना दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानांना विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकात, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात, घेऊन जायच्या. तिथल्या अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन पुतळे होऊन बसलेत, पोरं त्यांच्याशेजारी डबे खायची. जयंत नारळीकर सरांकडे मुलं सही मागायची, तर सर म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही येईल. आईंच्या वर्गातल्या किती जणांनी कार्डं टाकली ते त्या आजही सांगतात. २०२५ च्या मे महिन्यात सर गेले त्या दिवशी आमच्याकडे टीव्ही लागला नाही.

आता माझं. आज मला खरा धक्का दिला तो नायकाच्या वॉकमनने. तो सोनीचा अगदी पहिला, १९७९ सालचा, निळा-रुपेरी, कानाला नारिंगी स्पंज. त्याला हेडफोनची भोकं दोन असायची, दोघांनी मिळून ऐकायला. मुलाच्या आईने आपल्या आवडीची गाणी एका कॅसेटमध्ये भरून दिलेली असतात, आणि पृथ्वीवरचं त्याच्याजवळ उरलेलं तेवढंच. बंदुका, याने, ग्रह, सगळ्या गोंधळाच्या बुडाशी ती एक कॅसेट.

८८ साली मी दहा वर्षांची. आमच्याकडे वॉकमन नव्हता, टेप होता, आणि दादा वहीच्या पानावर गाण्यांची यादी करून लक्ष्मी रोडच्या एका बोळातल्या दुकानात द्यायचा. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. दुकानदार हिशेब करायचा नाही, त्यामुळे बाजू संपता संपता शेवटचं गाणं कड्यावरून पडल्यासारखं मधेच तुटायचं. अंतरा चालू, आणि खट्ट. आजही ते गाणं रेडिओवर लागलं की त्या जागी माझा श्वास अडकतो. पुढचे शब्द मला पाठ नाहीत, मी ते लहानपणी कधी ऐकलेच नाहीत. हे मी आज पहिल्यांदा मोठ्याने सांगितलं. मुलाने फोनवर ते गाणं लगेच लावून दाखवलं, पूर्ण. छान आहे. पण मला माझं तुटकंच बरं वाटलं, हे त्याला कसं समजावू?

शेवटी खलनायक जग संपवायला हातोडा उगारतो आणि नायक त्याच्यासमोर चक्क नाचायला लागतो. बेसूर गात. लक्ष्मी रोडच्या मिरवणुकीत पथक विसावतं, ताशा थांबतो, तेव्हाही एखादे काका एकटेच नाचत राहतात ना, तसा. खलनायक बुचकळ्यात पडतो आणि तेवढ्यात त्याचा कार्यभाग उरकतो. आईंनी टाळी वाजवली. एकच, वर्गात फळा दाखवायला वाजवायच्या तशी.

ग्रूट सगळ्यांना फांद्यांच्या घरट्यात वेढून घेतो तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. मी पाहिलं नाही असं दाखवलं. खिचडीला बसल्यावर विचारलं, "आवडला का?"

"विज्ञान शून्य आहे," त्या म्हणाल्या. तूप वाढून घेतलं. "असो."

हा वीस वर्षांतला नवाच 'असो' होता. वहीत टिपून ठेवतेय.

एवढं लिहून दिवा घालवला तर पलीकडच्या खोलीतून आवाज.

"झोपलीस का गं?"

"नाही. काय हो आई?"

"अठ्ठ्याऐंशीपासून तो मुलगा तो वॉकमन वाजवतोय. सव्वीस वर्षं. पेन्सिल सेल कुठून आणतो?"

"पोस्टकार्ड टाका दिग्दर्शकाला."

बराच वेळ काही नाही. मला वाटलं झोपल्या.

"पत्ता बघून ठेव उद्या."