वाचनालयातलं मराठी टंकन, टप्पा ३ : ‘किनाऱ्यावर’ शोधून सापडेना

दादरच्या वाचनालयातल्या तिन्ही डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) यंत्रांवर आता मराठी नीट उमटतंय. पॅकेजं दोनच: आयबस-एम१७एन आणि एम१७एन-डीबी (आयबस म्हणजे टंकनाची भाषा बदलून देणारी यंत्रणा, एम१७एन म्हणजे तिला लागणाऱ्या मांडण्यांचा संच). मांडणी इनस्क्रिप्ट २, म्हणजे भारतीय भाषांसाठीची कीबोर्डची मांडणी. नोम डेस्कटॉपवर सेटिंग्जमध्ये इनपुट सोर्स जोडला की झालं. एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या यंत्रावर मात्र क्यूटीचे (क्यूटी हा प्रोग्रॅमच्या खिडक्या बनवायचा संच) प्रोग्रॅम इंग्रजीच टाइप करत होते, कारण त्यांना टंकनाची यंत्रणा सांगणारं क्यूटी_आयएम_मॉड्यूल हे सेटिंग रिकामं होतं. आयएम-कॉन्फिग या टंकन-यंत्रणा निवडायच्या साधनात आयबस निवडून लॉगआउट केलं आणि सुटलं. इथे नुसता आयबस रीस्टार्ट पुरत नाही. उघडे प्रोग्रॅम जुनीच किंमत धरून बसतात.

खरा वेळ गेला पुस्तकांच्या यादीत. ‘किनाऱ्यावर’ डोळ्यांना दिसतंय, शोधलं तर शून्य. पायथनच्या ॲस्की() मधून (ते अक्षरांऐवजी त्यांचे युनिकोड क्रमांक दाखवतं) दोन्ही शब्द काढले तेव्हा कळलं: जुन्या नोंदींत ०९३० (र), हलन्त आणि २००डी (झेडडब्ल्यूजे, न दिसणारं जोडचिन्ह), तर इनस्क्रिप्टमधून आलेल्या शब्दात ०९३१ (ऱ) आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. युनिकोडचं एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची पद्धत) इथे कामाचं नाही, ते या दोन रूपांना समान मानतच नाही. (र आणि नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, असं सुटं आलं असेल तर त्याचा ऱ मात्र करतं.) म्हणून यादीची प्रत ठेवून पहिलं रूप दुसऱ्याने बदललं. झेडडब्ल्यूजे सरसकट पुसू नका. मुद्दाम अर्धं दाखवलेलं अक्षर बिघडतं.

टाइप करताना ऱ्य म्हणजे शिफ्ट+जे, डी, स्लॅश. शिफ्ट राहिला की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि स्पेलचेकर बहुधा गप्प राहतो, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

तीच गत ॲ ची. ०९७२ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीचा मजकूर ०९०५ आणि ०९४५ जोडून लिहिलेला, त्यामुळे ‘ॲन्टॉप हिल’ दोनदा नोंदलेलं निघालं. इथेही जोडी बदलून ०९७२ केलं. शिफ्ट+१ वर हिंदीचा ऍ येत असेल तर मांडणीची .मिम फाइल होम फोल्डरमधल्या .एम१७एन.डी मध्ये कॉपी करा, वरच्या ओळीत तिला वेगळं नाव द्या, त्या बटणापुढे ॲ लिहा. मग टर्मिनलमध्ये आयबस राइट-कॅश आणि आयबस रीस्टार्ट या आज्ञा द्या, आणि नवी मांडणी जोडा.

तपासणीची ओळ: ‘ॲन्टॉप हिलहून परळमार्गे किनाऱ्यावर’. ती टर्मिनलमध्ये पाहू नका, तिथे वेलांट्या विस्कटतात. साध्या एडिटरमध्ये पाहा. दोन यंत्रांवर शोध लागतोय, तिसऱ्यावर यादी बदलायची राहिली आहे.