तुम्ही विचारलंत म्हणून: एका थेंबात आजार कळेल का?

आमच्या ठाण्याच्या सोसायटीतल्या भजनात पखवाज वाजवणारे काका भेटले की विचारतात, "काय गं, तुमच्या त्या लहरींनी रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर कधी कळणार?" काकांचं पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन, ते वाढलं की त्या ग्रंथीच्या कॅन्सरची शंका येते) दरवर्षी तपासतात, त्यामुळे हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. लिफ्टमध्ये उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथे लिहिते.

काका, पखवाजाच्या डाव्या पुडीवर तुम्ही कणीक लावता आणि सूर उतरतो. आमची चिपही तशीच. नखाएवढ्या सिलिकॉनवर सोन्याची हजारो कडी, प्रत्येक कडं केसाच्या जाडीएवढं आणि त्याला दोन-तीन मायक्रॉनची एक फट. हाच मेटासरफेस. त्यावर टेराहर्ट्झ लहर पडली, म्हणजे सेकंदाला सुमारे एक लाख कोटी कंपनं, की कडी आपल्या ठरलेल्या सुरात घुमतात. ही लहर 300 मायक्रॉन लांब आणि प्रथिनाचा रेणू जेमतेम काही नॅनोमीटरचा. एरवी तिला त्याचा पत्ताही लागला नसता. पण फटीत विद्युतक्षेत्र एकवटतं, आणि तिथे काही चिकटलं की सूर उतरतो.

मात्र उतरलेल्या सुरावरून पीठ किती लावलं ते कळतं. ते गव्हाचं की ज्वारीचं, हे नाही कळत. पीएसए मिलिलिटरमागे 4 नॅनोग्रॅमच्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात, आणि त्याच रक्तात अल्ब्युमिन हे दुसरं, नेहमीचं प्रथिन असतं त्याच्या सुमारे एक कोटी पट. त्या गर्दीतून नेमकं पीएसए धरायला सोन्यावर आधी अँटिबॉडी, म्हणजे फक्त पीएसएलाच पकडणारं प्रथिन, बसवावी लागते. माझ्या मते खरी कसोटी इथे आहे. बातम्यांत मात्र फक्त लहरींचं कौतुक असतं.

त्यात पाणी आडवं येतं. 1 टेराहर्ट्झची लहर पाण्यात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यातच बरीचशी विझते, आणि रक्त म्हणजे बहुतेक पाणीच. म्हणून नमुना चिपवर ठेवायचा, धुवायचा, वाळवायचा. परवा सूर छान उतरला, मला इतका आनंद झाला! मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर वाळलेल्या थेंबाभोवती मिठाची पांढरी कड. धुणं कमी पडलं होतं. सूर मिठाने उतरला होता, प्रथिनाने नाही. त्या दिवशी ऐरोलीहून परतताना गाडीत कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. पावसाळ्यात तर खाडीकाठच्या हवेतली वाफसुद्धा ही लहर शोषते, म्हणून मोजणी कोरड्या नायट्रोजनच्या पेटीत करतो.

तेव्हा काका, यंदाचं पीएसए नेहमीच्या लॅबमध्ये, वेळेवर करा. एवढं बारीक मोजणारी तपासणी तिथे आजच आहे. माझ्या चिपसाठी थांबू नका. सोमवारी नवी चिप घेणार आहे, आणि या वेळी तीनदा धुणार आहे.