तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेतल्या मुलींचं गाणं

दिघ्यात, तुर्भ्यात, कोपरीत, जयंतीचा कार्यक्रम आटोपला की कुणीतरी विचारतंच: ताई, आपली दुःखं काय कमी आहेत, म्हणून तुम्ही अमेरिकेतल्या काळ्या मुलींचं गाणं गाता? आजवर हसून वेळ मारून नेली. आता सांगते.

आधी त्यांना परकं म्हणणं सोडा. १९४६ साली बाबासाहेबांनी तिकडचे काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तिकडच्या काळ्यांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ च्या दलित पँथरचं नाव कुठून आलं, ते तर तुम्हीच मला सांगाल.

गाणं माझं आहे, ओवीच्या चालीतलं. १५ सप्टेंबर १९६३, रविवार, अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमचं काळ्यांचं चर्च, गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी ठेवलेला बॉम्ब. चार मुली मेल्या, तिघी १४ वर्षांच्या, एक ११ ची. बातमी ऐकून तिकडची काळी गायिका नीना सिमोन घरातल्या सामानातून बंदूक जुळवायला बसली. नवऱ्यानं समजावलं, मारण्यातलं तुला काही कळत नाही, तुझ्याकडे संगीत आहे. तासाभरात तिनं तिचं गाणं लिहिलं. शेवटचा आरोपी दोषी ठरायला २००२ उजाडलं.

आता घोडबंदर रोडचं ऐका. तिथल्या एका संकुलात महिला दिनाला आमचं पथक बोलावलं होतं. मुलींचं गाणं झालं, बायका रडल्या, टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "किती क्रूर माणसं हो तिकडची!" मी लगेच घाटकोपरच्या रमाबाई नगरचं गाणं सुरू केलं. ११ जुलै १९९७, बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, राखीव पोलिसांचा गोळीबार, १० माणसं मेली. दुसऱ्या कडव्याला संयोजक बाई मंचावर चढून कानाशी आल्या: "हे राजकीय नको, आज आनंदाचा दिवस आहे." मी थांबले नाही. माईक बंद झाला. नुसत्या डफावर गायले. निम्म्या बायका अल्पोपाहाराकडे गेल्या. त्या दुष्ट नव्हत्या. मघाचं त्यांचं रडणं खरं होतं, आणि तेच मला अजून सोसत नाही. घाटकोपर तिथून गाडीनं गाठता येतं.

विशीत मी छातीठोकपणे सांगायचे, लांबचं दुःख ऐकवलं की जवळचं दिसतं. त्या मुलीशी मी आजही भांडते. लांबच्यासाठी रडून माणूस मोकळा होत असेल तर? आणि गाण्यानं निभतं असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू? त्याच गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरेंनी आपलं आयुष्य संपवलं.

आमचा ढोलकीवाला म्हणतो, अमेरिका काढून टाक, थेट घाटकोपर गा, कोण उठून जातं ते तरी आधीच कळेल. मला ते मान्य नाही. त्या चौघीही माझ्याच आहेत. फक्त आता मध्ये ठेका थांबवत नाही. बर्मिंगहॅमच्या शेवटच्या ओळीवरच मागे सूर धरणारे झीलकरी घाटकोपर उचलतात, टाळ्यांना जागा उरत नाही. तो याला फसवणूक म्हणतो. आमचं भांडण चालू आहे.