आधी काठी घे, पट्ट्याचं नंतर बघू

मागच्या आठवड्यात रात्री साडेअकराला भाच्याचा व्हॉट्सअ‍ॅप. नणंदेचा मुलगा, सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर एक स्क्रीनशॉट, कुठल्यातरी शॉपिंग साईटवरची लालभडक मखमली म्यानातली तलवार, बावीसशे रुपये, फ्री डिलिव्हरी. आणि खाली, "मामी ही घेऊ का? का डायरेक्ट दांडपट्टाच शिकू? तू जातेस ना मर्दानी खेळांच्या क्लासला." मर्दानी खेळ म्हणजे काठी, तलवार, दांडपट्टा असली जुनी शस्त्रं चालवायला शिकणं.

मी लिहिलं, आधी झोप. पण मग मलाच झोप येईना, कारण तीन वर्षांपूर्वी मी अगदी हाच प्रश्न घेऊन हिंडत होते आणि मला कुणी धड सांगितलं नव्हतं.

तलवारीचा विषय आधी संपवते. शोपीस म्हणून विकली तरी तलवार ही १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्रच आहे, आणि ऑनलाइन मागवलेल्या तलवारी पोलिसांनी कुरियरच्या गोडाऊनमध्येच पकडल्या अशा बातम्या आपल्याकडे येऊन गेल्यात. होस्टेलच्या पत्त्यावर मागवणार म्हणजे रेक्टरच्या हातात पार्सल. वर त्या तलवारीची मूठ अशी असते की दहाव्या वाराला पातं मुठीतून निघून समोरच्याच्या अंगावर. भिंतीवर लावायची वस्तू आहे ती, फिरवायची नाही.

आता पट्टा. २०२४ ला सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र जाहीर केलं तेव्हापासून आमच्या क्लासला येणारा प्रत्येक जण पट्टाच मागतो. रील्समध्ये तो दिसतोही भारी, लिंबू उडतंय, हलगी वाजतेय, नऊवारीतली पोरगी गर्रकन फिरतेय. मीही तेच बघून गेले होते. शिवजयंतीच्या आसपास एक दोन दिवसांचं शिबिर होतं, नाव नाही सांगत, तिथे पहिल्याच दिवशी दुपारी माझ्या हातात पट्टा. फोटो काढले, सर्टिफिकेट दिलं, आणि तिसऱ्या दिवशी मला कुकर ओट्यावरून उचलता येईना.

का ते मला नंतर कळलं. पट्ट्याला तलवारीसारखी उघडी मूठ नसते. हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात घालायचा, आतमध्ये आडवी मूठ असते ती धरायची आणि वर कोपराजवळ पट्टीने अडकवायचं. म्हणजे मनगट गेलं, ते आता हलणारच नाही. पुढे चारेक फुटाचं लवचिक पातं. ते फिरवायचं तर कोपर, खांदा, कंबर आणि पाय यांच्या जोरावर, आणि त्यातलं पायाचं काही तुम्हाला येतच नसेल तर सगळा भार कोपरावर येतो. दिवसभर लॅपटॉपवर बसणाऱ्या बाईचं कोपर ते. डॉक्टर म्हणाले टेनिस एल्बो. आयुष्यात टेनिसची रॅकेट धरली नाही मी! तीन आठवडे फिजिओथेरपी, आणि पोळ्या नवऱ्याने लाटल्या (नकाशे, पण लाटल्या).

त्यानंतर मी लेकीला सोडायला म्हणून आमच्या आताच्या वस्तादांकडे गेले. मूळचे कोल्हापूरचे, इथे एका शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी शिकवतात. लेकीची फी भरली, बाकावर बसले, आणि हे समोर येऊन म्हणाले, "ताई, कान दाखवा." मला वाटलं कानातले काढायला सांगतायत. तर त्यांनी एक काठी माझ्या शेजारी उभी धरली, वरचं टोक कानाशी आलं, म्हणाले ही तुमची. झालं. शस्त्र निवडणं वगैरे जे म्हणतात ते माझ्या बाबतीत एवढंच झालं.

काठी बघून खरं सांगायचं तर हिरमोड झाला होता. भाच्याचंही तेच, "लाठी तर वॉचमनकडे असते मामी." असते ना. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुण्यातल्या पंच्याऐंशी वर्षांच्या आजींचा रस्त्यावरचा व्हिडिओ आठव, नऊवारी, दोन हातात दोन काठ्या, आणि फिरवण्यात कुठे अडखळणं नाही. त्या वयात हातात तेच राहिलं होतं जे लहानपणी शिकवलं होतं.

काठीचा पहिला गुण म्हणजे ती मनगट मोकळं करते. पट्टा ते बांधून टाकतो, काठी उलट ते सोडवते. एका हाताने इंग्रजी आठचा आकडा आडवा पाडायचा, समोर, मग बाजूला, मग डोक्यावर, मग हात बदलून तेच. उजव्या हाताला आठ दिवसात आलं, डाव्याला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत मला कळलं की माझा डावा हात आयुष्यभर फक्त पिशवी धरायला होता. दुसरा गुण, चूक झाली की ती तिथल्या तिथे सांगते. घोट्याच्या हाडावर एकदा बसली की पाय कुठे ठेवायचा हे पुन्हा सांगावं लागत नाही. कानावर बसली की मान वाकडी होती हे समजतं. धारेचं शस्त्र पण सांगेल, पण ते एकदाच सांगेल. आणि आवाज असतो तिला, हे कुणी सांगत नाही. फिरवणं नीट जमलं की सूंऽ असा एकसारखा आवाज येतो, जिथे अडकतंय तिथे तो तुटतो. डोळे मिटून वस्ताद पोरांच्या चुका सांगतात ते त्याच्यावर. एकदा माझ्याकडे पाठ करून उभे होते आणि म्हणाले, "ताई, काठी फिरवताय का पंख्याची धूळ काढताय?"

पहिला महिना तर काठी फारशी फिरलीच नाही, पवित्राच चालला होता. गुडघा किती वाकवायचा, वजन कुठल्या पायावर, पाय उचलायचा का घासत न्यायचा. कंटाळा येतो हो, खोटं कशाला बोलू. लेक नऊ वर्षांची, तिला दोन रविवारात जमलं आणि ती मला घरी ओट्यापाशी येऊन दुरुस्त करायला लागली, "आई गुडघा."

घरी प्रॅक्टिस करू नका. हॉलमधली ट्यूब पहिल्याच आठवड्यात गेली. मग मी गच्चीवर जायला लागले तर मे महिना, अख्खी गच्ची कुरडयांनी भरलेली, आणि माझी काठी हातातून निसटून थेट तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या साडीवर. काकू काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर गच्चीच्या वापराबद्दल मेसेज आला, नाव न घेता, सगळ्यांना कळेल असा.

पण त्या एका काठीतून बाकीची दारं कशी उघडतात ते हळूहळू दिसायला लागलं. काठी मधोमध धरून दोन्ही टोकं फिरवायला यायला लागली की बनाटी पुढचंच पाऊल आहे, फक्त टोकांना गोळे येतात आणि प्रात्यक्षिकात ते पेटवतात. टोकाने भोसकायला शिकलं की भाल्याकडे जाता येतं, भाल्यावरून विट्याकडे. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला, फेकायचा आणि दोरीने परत ओढून घ्यायचा. फार देखणा प्रकार आहे, पण फेकलेली वस्तू परत आपल्याकडेच येते हे लक्षात घेता नवशिक्याने लांबूनच बघावा. आखूड काठी एका हातात आली की तलवारीचे हात सुरू होतात. आणि पवित्र्यात पाय बसले की मग पट्टा. मला वस्तादांनी पट्टा दिला तो दीड वर्षाने. कोपर अजिबात दुखलं नाही.

एका मुद्द्यावर मात्र माझं आणि वस्तादांचं पटत नाही. माझं म्हणणं, ज्याला खरंच समोरासमोर खेळायचंय, म्हणजे लढंत, त्याने फरी-गदक्यापासून सुरुवात करावी. गदका म्हणजे चामडं चढवलेली आखूड काठी आणि फरी म्हणजे छोटी ढाल. त्यात मार बसतो, मार देता येतो आणि हाडं शाबूत राहतात, अंतराचा अंदाज येतो, समोरचा कधी हात उचलणार ते कळायला लागतं. नुसतं एकट्याने वर्षभर फिरवत राहिलं की त्याचा नाच होतो, चांगला नाच होतो पण नाचच. आजकाल निम्म्या प्रात्यक्षिकांत तेच दिसतं, असं माझं मत आहे. हे मी वस्तादांना एकदा धीर करून म्हटलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पर आधी उभं राहायला शिका की, मग भांडा." शिवाय फरी-गदका शिकवणारं जवळपास कुणी मिळालं तर, हा वेगळाच प्रश्न. काठी शिकवणारा मात्र सापडतो.

हे सगळं मी भाच्याला एवढं टाईप नाही केलं. थोडक्यात लिहिलं की काठी घे. त्याचं उत्तर, "होता जिवा म्हणून वाचला शिवा, जिवा महालाने काय काठी चालवली का प्रतापगडावर?" मी लिहिलं, १६५९ च्या त्या दुपारी त्याने जो एक वार केला त्याच्याआधी किती वर्षं घाम गाळला असेल, का तो पण दोन दिवसांचं शिबिर करून गेला होता? हसायचा इमोजी आला, आणि रविवारी सकाळी पोरगं स्वतःच पुण्याला हजर.

मग त्याला घेऊन बुरूड आळीत गेले. काठी निवडणं हे शस्त्र निवडण्यापेक्षा अवघड आहे, हे माझं ठाम मत. आतून पोकळ बांबू नको, दोन फटक्यात चिरतो, भरीव पाहिजे, कोकणातला माणगा मिळाला तर उत्तम. एक डोळा मिटून टोकाकडून बघायचं, वाक दिसतो. मग उभी धरून फरशीवर आपटायची, चीर असेल तर फाटका आवाज येतो. मुठीत धरली की अंगठा आणि मधलं बोट एकमेकांना टेकलं पाहिजे. पेरांचे उंचवटे घरी पॉलिश पेपरने घासायचे नाहीतर तळहात सोलतात, आणि दोन-चार हात जवसाचं तेल द्यायचं. भाच्याने बारा काठ्या आपटून बघितल्या, दुकानातल्या मावशी वैतागल्या, "शिडी करायचीय का?" मी म्हटलं नाही हो, फिरवायचीय. "मग तसं सांगायचं," म्हणून त्यांनी आतून तीन काठ्या आणल्या, त्यातली दुसरीच बरोब्बर होती.

तिथून फुलेवाडा तसा लांब नाही, तर चालत तिकडेही जाऊन आलो. जोतीराव फुल्यांनी लहुजी वस्तादांकडे तालीम केली होती हे त्याला माहीत नव्हतं. शाळेत वाचलं असेल, लक्षात राहिलं नाही म्हणाला.

परत येताना बस. पोराच्या कानाएवढी काठी, बस भरलेली, ती आडवी धरता येईना आणि उभी धरली तर दर ब्रेकला छताला टकटक. दोनदा एका आजोबांच्या टोपीला लागली. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आमच्यापाशी आला, काठीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "तीन द्यायची का दोन?"

भाच्याने तीन काढली असती, मी हात धरला.